बेडकाची ती चार हृदयं विच्छेदनात दिसत का नाहीत?

एम.एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : “बेडकाला रक्ताच्या हृदयाशिवाय आणखी चार लसीका हृदयं असतात, एवढी एक ओळ वाचली आणि पुस्तक पुढे सरकलं. ती करतात काय? त्यांचा ठोका मुख्य हृदयाशी जुळतो का? आणि आमच्या सरांनी उमेदीच्या काळात शेकड्याने बेडूक कापले, तरी त्यांना ती कधी दिसली नाहीत, असं कसं?”

लसीका म्हणजे रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरलेला आणि पुन्हा रक्तात न्यावा लागणारा द्रव, एवढं ध्यानात ठेवा. शेवटचा प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की पहिले दोन आपोआप उलगडतात.

तुमच्या सरांना ती दिसली नाहीत, कारण बेडूक टेबलावर उताणा टाचला जाईपर्यंत ती बंद पडलेली असतात. शिवाय ती पाठीच्या बाजूला असतात आणि आपण उघडतो पोट. सरांचा दोष काही नाही. मीही बरीच वर्षं त्यातलाच.

आम्ही शिकवायला लागलो तेव्हा बेडकाच्या हृदयाचा आलेख काढणं हा प्रात्यक्षिकाचा मोठा सोहळा असायचा. आलेख उमटवणाऱ्या फिरत्या ड्रमला चकचकीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या ज्योतीवर त्याला काजळी धरायची आणि मग बेडकाचं पिथिंग करायचं. म्हणजे कवटीच्या मागच्या खाचेतून सुई घालून आधी मेंदू निकामी करायचा, मग तीच सुई उलटी वळवून मणक्यांच्या नळीतून खाली फिरवायची आणि मेरुरज्जूही मोडायचा. बेडूक लुळा पडतो. पण छाती उघडली की हृदय आपल्या मजेत चालू. रिंगरचं द्रावण (अंगातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) थेंबथेंब सोडत राहिलं तर तासन् तास चालू, काढून वाटीत ठेवलं तरी चालू. मुलं बघत राहायची आणि आम्ही ऐटीत सांगायचो, “हृदयाला मज्जासंस्थेची गरज नसते, ताल त्याचा त्याला असतो.”

आमच्या प्रयोगशाळेत बेडूक सांभाळणारे एक मामा होते. विहिरीवरून बेडूक धरून आणायचे, टाकीचं पाणी बदलायचे. एकदा त्यांनी ओला बेडूक मुठीत धरून मला विचारलं, “सर, ह्याच्या माकडहाडापाशी दोन्ही अंगांनी काय उडतंय?” मी घाईत होतो. “श्वास असेल,” म्हणून टोलवलं. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ‘बुडाने श्वास घेतो होय?’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

रात्री मलाच राहवेना. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाला जो बेडूक घेतला, त्याचा आधी फक्त मेंदू निकामी केला. माकडहाडाजवळचे दोन्ही ठिपके उडतच होते. मग सुई मेरुरज्जूत उतरवली आणि दोन्ही ठिपके तिथल्या तिथे थांबले. छाती उघडली तर आतलं हृदय धडधडतंय. ते चित्र मी विसरलेलो नाही. एकाच प्राण्यात दोन प्रकारची हृदयं, आणि एकाला मेरुरज्जूशी काही देणंघेणं नाही तर दुसरं त्याच्यावाचून एक ठोकाही टाकत नाही. (हा प्रयोग आज कुणी करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून विच्छेदनं टप्प्याटप्प्याने कमी करायला लावली, ते योग्यच झालं. बघण्याचा साधा मार्ग शेवटी सांगतो.)

ही हृदयं आहेत कुठे? नेहमीच्या बेडकात दोन जोड्या. पुढची जोडी खांद्याच्या फऱ्याखाली, तिसऱ्या मणक्याच्या आडव्या फाट्यांजवळ. मागची जोडी युरोस्टाइलच्या, म्हणजे बेडकाच्या त्या लांबट माकडहाडाच्या, टोकाच्या दोन्ही बाजूंना, कातडीच्या अगदी खाली. काही जातींत मागच्या एकाहून अधिक जोड्या सापडतात, त्यामुळे ‘चार’ हा आकडा कोरीव समजू नका. प्रत्येक हृदय म्हणजे एकच कप्पा असलेली छोटी पिशवी. लसीका आत येण्याची अनेक भोकं, शिरेत बाहेर पडण्याची वाट, आणि दोन्हीकडे झडपा. पुढची जोडी मानेकडच्या शिरांमध्ये लसीका ओतते. मागची जोडी मांडीकडून मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या शिरांमध्ये ओतते. म्हणजे मागच्या हृदयांतून निघालेली लसीका बेडकाच्या मुख्य हृदयाकडे पोचण्याआधी मूत्रपिंडाच्या वाटेला लागते. परीक्षेत हे कुणी विचारत नाही, पण बेडकाला औषध टोचणाऱ्याने ते लक्षात ठेवलेलं बरं.

जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने १८३२-३३ मध्ये ही हृदयं जगापुढे आणली. १८३३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा निबंध आला. त्याच सुमारास इटलीत बार्तोलोमेओ पानिझाचंही या विषयावर काम चालू होतं. आश्चर्य याचं वाटतं की त्याआधी शेकडो वर्षं माणसं बेडूक कापत होती, आणि जिवंत बेडकाच्या पाठीवर बाहेरून दिसणारी गोष्ट कुणाला टिपता आली नव्हती. पुढे १८४४ च्या सुमारास फोल्कमान या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवलं की मेंदू काढला तरी ही हृदयं चालतात, पण मेरुरज्जूचा ठरावीक तुकडा नष्ट केला की त्या तुकड्यावर अवलंबून असलेली जोडी थांबते. पुढच्या जोडीचा तुकडा तिसऱ्या मणक्यासमोर, मागच्या जोडीचा जवळजवळ रज्जूच्या शेवटाला. आमच्या मामांनी दाखवलेली गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी छापून झाली होती, मीच वाचली नव्हती.

आता दुसरा प्रश्न. ठोका जुळतो का? नाही. खोलीच्या तापमानाला लसीका हृदयं मिनिटाला साधारण ५० ते ६० वेळा आकुंचन पावतात. आकडा रक्ताच्या हृदयाच्या आसपासचा असल्यामुळे दोन्हींचा संबंध असावा असं वाटतं, पण ताल वेगळा. डाव्या-उजव्या हृदयाचाही एकमेकांशी मेळ असेलच असं नाही, आणि पुढची जोडी मागच्या जोडीची वाट बघत नाही. कारण तालाचा उगम हृदयात नसून मेरुरज्जूतल्या त्या-त्या ठिकाणच्या प्रेरक चेतापेशींच्या गटात आहे. तिथून आवेगांचा एक झुबका निघाला की एक ठोका. बेडकाला जोरात डिवचलं तर ही हृदयं क्षणभर थबकतात.

इथे एक गंमत आहे आणि मला ती शिकवायला फार आवडायची. १९२१ मध्ये ओटो लोवीने बेडकाच्याच हृदयावर दाखवलं की मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस चेतेतून एक रसायन स्रवतं आणि त्याने हृदय मंदावतं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. लसीका हृदयाच्या चेतेतूनही ॲसिटिलकोलिनच स्रवतं, पण तिथे ते ठोका घडवतं. रसायन तेच, ते पकडणारे ग्राही वेगळे. लसीका हृदयावरचे ग्राही हातापायांच्या स्नायूंवर असतात त्या जातीचे. म्हणून क्युरारे दिलं की बेडकाचे हातपाय लुळे पडतात, त्यांच्याबरोबर लसीका हृदयंही थांबतात, आणि रक्ताचं हृदय मात्र चालूच राहतं. पिथिंगने दिसलं तेच इथे विषाने दिसतं.

मग लसीका हृदयाचा स्नायू हा कंकाल स्नायूच, म्हणजे हातापायांत हाडांना जोडलेला असतो तसाच, म्हणायचा का? सूक्ष्मदर्शकाखाली पट्टे दिसतात, पण तंतूंना फाटे फुटून ते एकमेकांत गुंतलेले, हृदयाच्या स्नायूची आठवण करून देणारे. हुकूम मात्र ते चेतेचा पाळतात. माझं मत विचाराल तर हा तिसराच प्रकार आहे आणि त्याला जबरदस्तीने एका रकान्यात बसवू नये. चेता तोडून काही काळ वाट पाहिली तर हा स्नायू कालांतराने स्वतःच दुबळे, विस्कळीत ठोके टाकायला लागतो. म्हणजे तालाची कुवत त्याच्यात मुळात आहे, पण मेरुरज्जू असेपर्यंत ती दबून राहते. झेनोपस या आफ्रिकन बेडकाच्या भ्रूणांवर झालेल्या कामातून हेही कळलं आहे की हा स्नायू छातीतल्या हृदयाच्या मूळ पेशींपासून येत नाही. शरीराच्या कडेच्या स्नायुखंडांपासून तो बनतो, हातापायांच्या स्नायूंचा तो चुलतभाऊ. त्याच्या आतलं अस्तर लसीकावाहिन्यांचं.

आता मूळ प्रश्न : हा सगळा खटाटोप कशासाठी?

कारण बेडूक गळका प्राणी आहे. केशवाहिन्यांतून रक्तद्रव सगळ्याच कणाधारी प्राण्यांत थोडा पाझरतो, आणि जो आपणहून परत येत नाही तो लसीका म्हणून गोळा करून रक्तात टाकावा लागतो. माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर रक्तद्रव असतो आणि लसीकेवाटे दिवसाला साधारण तेवढाच द्रव रक्तात परत येतो. म्हणजे दिवसाला एक फेरी. बेडकाच्या केशवाहिन्या पाण्यालाच नव्हे, प्रथिनांनाही फार सैल. प्रथिनं बाहेर पडली की द्रव आत खेचून धरणारं बळही कमी होतं, मग आणखी पाझर. जुन्या मोजणीनुसार बेडकाच्या केशवाहिन्यांतून दिवसभरात पाझरणारा द्रव त्याच्या एकूण रक्तद्रवाच्या सुमारे ५० पट भरतो. हिशोब करून बघा, अर्ध्या तासाला सगळा रक्तद्रव एकदा बाहेर पडल्यासारखा. तेही आपल्यापेक्षा कितीतरी कमी रक्तदाब असताना.

एवढा द्रव परत आणायला आपल्यासारख्या नुसत्या आकुंचन पावणाऱ्या वाहिन्या पुरणार नाहीत. खरं म्हणजे बेडकाच्या अंगात आपल्यासारखं झडपा असलेल्या लसीकावाहिन्यांचं जाळं फारसं नसतंच. त्याच्या कातडीखाली मोठमोठ्या लसीका पिशव्या असतात. बेडूक सोलताना कातडी सदऱ्यासारखी सहज निघते ती यामुळेच. ती स्नायूंना सगळीकडे चिकटलेली नसते, ठरावीक रेषांवर पातळ पडद्यांनी टाचलेली असते. दोन पडद्यांमधली पोकळी म्हणजे एक पिशवी. पाठीची एक, पोटाची एक, मांडीची, पोटरीची, हनुवटीखालची अशा कितीतरी.

१९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भेकांची, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांची, सगळी लसीका हृदयं नष्ट केली. रक्तातला द्रव पाझरत गेला, परत येईना, रक्त घट्ट होत गेलं आणि भेक मेले. रक्ताचं हृदय शाबूत होतं, पण त्याला ढकलायला काही उरलं नाही. तेव्हा लसीका हृदय हा उत्क्रांतीचा उरलासुरला अवशेष आहे असं कुणी सांगितलं तर त्याला हा प्रयोग सांगा.

पण यात एक अडचण होती आणि ती फार उशिरा कुणाच्या तरी लक्षात आली. बेडूक बसतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाने द्रव साठणार पोटाखाली आणि मांड्यांच्या खालच्या बाजूला. लसीका हृदयं मात्र चारही पाठीवर. म्हणजे पाणी विहिरीच्या तळाशी आणि मोटर काठावर. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही की काठावरची मोटर ओढते तेवढंच ओढते. विहीर खोल गेली की ती कोरडी फिरते आणि माणूस फुटव्हॉल्व्ह तपासायला आत उतरतो. लसीका हृदयाची ओढ तर अगदीच क्षीण. आकुंचन संपलं की भोवतालच्या लवचीक तंतूंच्या ताणाने ते पुन्हा उघडतं, तेवढीच काय ती ओढ. मग लसीका वर चढते कशी?

अमेरिकेतले स्टॅन्ली हिलमन, मायकल हेड्रिक, रॉबर्ट ड्रूज आणि ऑस्ट्रेलियातले फिलिप विदर्स यांनी २००४ च्या सुमारास हा प्रश्न नेमका मांडला आणि पुढच्या काही वर्षांत त्याचं उत्तरही बरंचसं दिलं. लसीका हृदयं एकटी काम करत नाहीत. कातडीखालच्या पडद्यांना आणि पिशव्यांच्या भिंतींना जोडलेले काही छोटे स्नायू आहेत, शरीररचनेच्या पुस्तकात नावापुरते येणारे, मांडीच्या मागे, ओटीपोटाशी, अवस्करापाशी (मलमूत्र बाहेर पडण्याच्या समाईक वाटेपाशी). ते आवळले की पिशवीतला दाब वाढतो आणि द्रव एका पिशवीतून वरच्या पिशवीत ढकलला जातो. या स्नायूंची जोडणी तोडली की लसीकेचं परतणं घटतं. दुसरा वाटा फुप्फुसांचा. फुप्फुसं फुगतात आणि रिकामी होतात तशी भोवतीच्या पिशव्यांची जागा कमीजास्त होते, आणि पुढच्या जोडीकडे द्रव सरकतो. म्हणजे तळातून उपसून देणारे स्नायू आणि फुप्फुसं, काठावर येईल ते शिरेत टाकणारं लसीका हृदय. आम्ही पिढ्यानपिढ्या फक्त काठावरची मोटर शिकवली.

याचा एक परिणाम असा की निपचित बेडूक आणि हालचाल करणारा बेडूक यांच्या लसीकेच्या हिशोबात फरक पडतो. खोल भूल दिलेल्या किंवा पिथिंग केलेल्या बेडकात मोजलेले आकडे जिवंत, बसलेल्या, श्वास घेणाऱ्या बेडकाला लावणं म्हणूनच धोक्याचं. तुम्ही पुढे यावर काम करणार असाल तर जुन्या शोधनिबंधात प्राणी कोणत्या अवस्थेत होता, हे आधी बघा.

रक्तस्राव झाल्यावर हे यंत्र आणखी मोलाचं ठरतं. भेकाच्या अंगातून बरंच रक्त गेलं तर पिशव्यांमधली लसीका शिरेत ओतून रक्ताचं आकारमान सावरलं जातं. लसीका हृदयं निकामी केलेल्या भेकाला ते जमत नाही. कोरड्या दिवसांतही हाच साठा कामी येतो. जमिनीवर राहणारे भेक पाणी गमावणं जितकं सोसतात तितकं पाण्यातच राहणारा झेनोपस सोसत नाही, आणि लसीका वर चढवण्याच्या क्षमतेतला फरक हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. बेडकाच्या लसीका पिशव्यांना मी मुलांपुढे ‘अंगातलं शेततळं’ म्हणायचो. उपमा थोडी ताणलेली आहे, पण लक्षात राहते.

एक गोष्ट आमच्या पिढीतल्या डॉक्टरांना माहीत असेल. गर्भधारणा तपासायला एकेकाळी बेडूक वापरत. १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या गाली माइनिनीने पद्धत काढली : बाईची लघवी नर भेकाच्या पाठीच्या लसीका पिशवीत टोचायची, आणि काही तासांत भेकाच्या लघवीत शुक्राणू दिसले तर गर्भ आहे. भारतातही आपल्या अंगणात दिसणारा साधा भेक या कामाला वापरला गेला. टोचणं पाठीच्या पिशवीतच का, तर तिथे टाकलेलं द्रावण लसीका हृदयं थेट शिरेत नेऊन सोडतात, शीर शोधायची गरज नाही. बेडकांवर उपचार करणारे पशुवैद्य आजही औषध द्यायला याच पिशव्या वापरतात. त्यांच्याकडे पाण्याने फुगलेला, फुग्यासारखा तट्ट बेडूक येतो तेव्हा मूत्रपिंड, यकृत आणि संसर्गाबरोबरच लसीका हृदयांचं बिघडणंही कारणांच्या यादीत धरावं लागतं.

बेडकापुरतंच बघून उभयचरांचा नियम बांधू नका. सॅलॅमँडरमध्ये अंगाच्या दोन्ही कडांना अशी हृदयांची रांग असते, एका बाजूला दहाच्या वर. आणि देवगांडूळ? आपल्या सह्याद्रीतला हा बिनपायांचा, मातीत राहणारा उभयचर. आंबोलीहून २००३ मध्ये आणि खंडाळ्याहून १९६० मध्ये त्याच्या नव्या जाती नोंदवल्या गेल्या. देवगांडुळांच्या कुळात लसीका हृदयांच्या शंभराच्या आसपास जोड्या असतात, दर खंडाला एक याप्रमाणे. पावसात रस्त्यावर आलेलं देवगांडूळ साप समजून ठेचलं जातं, तेव्हा शे-दोनशे हृदयांचा प्राणी मेलेला असतो. बेडकाच्या चार हृदयांकडे यावरून उलटं बघता येतं : धड आखूड झालं, मणके नवावर आले, तसतशी हृदयांची लांबच लांब रांग आटून दोन टोकांना उरली. सरपटणाऱ्या प्राण्यांत शेपटीच्या मुळाशी एक जोडी राहते, बहुतेक पक्ष्यांत ती अंड्यातल्या पिल्लापुरती, आणि सस्तन प्राण्यांत तीही नाही.

‘बेडकाला पाच हृदयं’ असे संदेश फिरतात, ते चूक नाहीत, पण अर्धवट आहेत. बेडूक हा टॅडपोल असताना तर हे गणित आणखी वेगळं. आधी पुढची जोडी तयार होते आणि चालू लागते. मागची जोडी उशिरा येते, पाय फुटण्याच्या सुमारास.

आता बघायचं कसं. पहिल्या पावसानंतर रात्री डबक्याकाठी बसलेला, कातडी ओली आणि गुळगुळीत असलेला बेडूक शोधा. खरखरीत भेकात दिसणं अवघड. त्याला उचलू नका. धरलेला बेडूक धडपडतो, आणि डिवचल्यावर ही हृदयं थबकतात हे वर आलंच आहे. बॅटरीचा उजेड समोरून न टाकता मागून, तिरका टाका. पाठीचा उंचवटा जिथे संपतो तिथे, माकडहाडाच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना, गव्हाच्या दाण्याएवढी जागा खाली-वर होताना दिसेल. एक मिनिट मोजा, मग दुसऱ्या बाजूचं मोजा. गळ्याची हालचाल मोजू नका, ती तोंडातली हवा हलवण्याची असते आणि बरीच जलद चालते. दोन्ही बाजूंचे आकडे आणि त्या वेळचं तापमान वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी तुमच्या सरांना बरोबर न्या.